परग्रहवासी रंगवण्याआधी त्यांची खातेवही लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकमध्येच पाचसहा जणांचा गट, रविवारी दुपारी कोणाच्या तरी घरी जमून टेबलावरच्या रोल-प्लेइंग खेळातलं अवकाशातलं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत (सेशनांत) चालणारी एकच गोष्ट, खेळता. तुम्ही जीएम (गेम मास्टर), म्हणजे खेळाडूंभोवतीचं सगळं जग चालवणारे. तीन परग्रही जमाती तयार केल्यात: लढवय्ये सरडे, व्यापारी पक्षी आणि ज्ञानी स्फटिक. दुसऱ्याच सेशनला एक खेळाडू म्हणाला, ‘हे आपल्यातलेच की, नुसता हिरवा रंग लावलाय.’ खरोखर परकी वाटेल अशी संस्कृती कशी उभी करायची, आणि तीही पन्नास पानं न लिहिता, हे तुम्हाला हवंय.

तुमच्या कल्पनाशक्तीत काही कमी नाही. तुम्ही सुरुवात स्वभावापासून केलीत, घोळ तिथे आहे. लढवय्या, व्यापारी, ज्ञानी ही विशेषणं झाली. विशेषणावर खेळाडू काय करणार? लढवय्या दिसला की बंदूक काढणार, ज्ञानी दिसला की माहिती विचारणार. दोन्हींत डोकं चालवायची गरज नाही. त्याऐवजी एवढंच ठरवा की या लोकांत कोणती गोष्ट कायम अपुरी पडते, ती कोण वाटतं, आणि त्या वाटपात कोणाचं कोणाकडे देणं निघतं. थोडक्यात, त्यांचं तोंड रंगवण्याआधी त्यांची वही लिहा. देणंघेणं कळलं की लग्न, मयत, देव, शिवी, सगळं आपोआप सुचायला लागतं.

फासे टाकून संस्कृती मिळेल अशी आशा असेल तर ती सोडा. १९७७ साली आलेल्या ‘ट्रॅव्हलर’ या अवकाशातल्या खेळात ग्रह बनवायची फार सुटसुटीत पद्धत आहे. दोन फासे टाकायचे, बेरजेतून सात वजा करायचे, त्यात ग्रहाच्या लोकसंख्येचा आकडा मिळवायचा, की राज्यपद्धतीचा आकडा तयार. तसेच पुन्हा दोन फासे, वजा सात, अधिक राज्यपद्धतीचा आकडा, की कायदा किती कडक ते कळलं. मी ती पद्धत अजून वापरतो. पण त्यातून निघतो तो सांगाडा. ‘नोकरशाही, कडक कायदा’ एवढं हातात आल्यावर त्या ग्रहावरचा कारकून कशासाठी लाच खातो आणि कशासाठी जीव गेला तरी खाणार नाही, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. खेळ तिथून सुरू होतो.

आधी आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेतो, म्हणजे मी ‘व्यवस्था’ म्हणतो ते काय ते कळेल. बागलाण, कळवण, देवळा या भागात मोसम-आरमसारख्या नद्यांवर जुनी फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. कुटुंबाची जमीन एकाच फडात नसते, थोडी या फडात, थोडी त्या फडात. ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे तोटा वाटून जातो. पाणी शेतकऱ्याने स्वतः वळवायचं नाही. ते काम पाटकऱ्याचं, आणि त्याला मोबदला पिकातून. राखणीला जागल्या वेगळा.

आता यातून धोतर, फेटा, बैल, भाकरी सगळं काढून टाका. उरतं काय? ज्याचा जीव पाण्यावर आहे त्याने पाण्याला हात लावायचा नाही, आणि दुष्काळात एकाने मरायचं नाही, सगळ्यांनी थोडं थोडं उपाशी राहायचं. ही दोन कलमं उचलून दुसऱ्या ग्रहावर ठेवा. तांबड्या बुटक्या ताऱ्याभोवती अगदी जवळून फिरणारे ग्रह बहुधा एकच बाजू ताऱ्याकडे करून असतात. आपल्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा, प्रॉक्सिमाचा, २०१६ साली जाहीर झालेला ग्रह ११ दिवसांत एक फेरी मारतो, तोही बहुधा त्यातलाच. अशा ग्रहावर एका बाजूला कायमचं ऊन, दुसऱ्या बाजूला कायमची रात्र, आणि मधल्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यात वस्ती. तिथे पाण्याऐवजी ऊन वाटायचं. मोठाले आरसे, आरशांना हात लावायचा अधिकार फक्त आरसेकऱ्यांना, आणि त्या आरसेकऱ्यांच्या मालकीची तसूभर जमीन नाही. तुमच्या खेळाडूंनी थंडीने कुडकुडणाऱ्या पोरासाठी चांगल्या मनाने एक आरसा वळवला, की त्यांनी त्या गावातला सर्वांत मोठा गुन्हा केला. बघा, एकही शिंग किंवा शेपटी न काढता जमात परकी झाली.

शरीररचना आणि ग्रहविज्ञान किती करायचं, हा प्रश्न नेहमी येतो. एकच जैविक वस्तुस्थिती घ्या, पण ती शेवटपर्यंत ताणा. पाच घेतल्या तर एकही ताणली जात नाही, आणि खेळाडूंच्या लक्षात तर एकच राहते.

माझ्या कॅम्पेनमधली एक जमात सविस्तर सांगतो. बहुतेक जातींच्या ऑक्टोपसची मादी अंडी घालते, ती उबेपर्यंत राखते, त्या काळात खाणं जवळजवळ सोडते आणि मग मरते. आई आणि पिल्लं यांची ओळखच होत नाही. १९७७ साली जेरोम वोडिन्स्की या संशोधकाने दाखवलं की डोळ्यांजवळची एक ग्रंथी काढून टाकली तर मादी अंडी राखायचं सोडते, पुन्हा खायला लागते आणि जास्त जगते. एवढी वस्तुस्थिती मी घेतली. माझे ‘ओरव’ साधारण नऊ वर्षं जगतात, शेवटी एकदाच अंडी घालतात आणि मरतात. ज्यांची ग्रंथी लहानपणीच कापली जाते ते चाळीस वर्षं जगतात. त्यांना मूल होत नाही. त्यांना म्हणायचं राखणदार.

आता वही उघडा. आईला पिल्लांसाठी काहीतरी मागे ठेवायचंय, पण पिल्लं तिला भेटणारच नाहीत. मग ती ठेव राखणदारांच्या पेढीत ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत राखणदार ती वाढवतात, त्यातून पिल्लांचं पोट आणि शिक्षण भागवतात. ठेवीचा हिशेब विचारायला ठेवीदार कधीच जिवंत नसतो. चोरीला याहून सोयीची जागा कुठे मिळणार? त्यामुळे ओरवांचं सगळं राजकारण, सगळा धर्म, सगळ्या शिव्या या एका भीतीभोवती फिरतात: राखणदाराने ठेव खाल्ली तर?

इथे मला आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांनी हात दिला. दहा नंबरच्या लेण्यात नहपान क्षत्रप या राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात त्याने बौद्ध भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची (त्या काळची नाणी) अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, दिल्याचं कोरलंय. पैसे ठेवले कुठे, तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने; १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज होतं २४०, आणि लेखात लिहिलंय की वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशेब चोख जुळतो. शिवाय हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं, असंही त्यात आहे.

या एका लेखातून त्या काळाचं केवढं दिसतं पाहा. राजघराण्यातला माणूस विणकरांवर भरवसा टाकतोय. भिक्षूला पैशाला शिवायचं नसलं तरी त्याच्या वस्त्राचा पैसा कुठेतरी वाढतोय. आणि देणाऱ्याला मागे फसवणूक होईल अशी धास्ती आहे, म्हणून तर सभेत वाचन आणि दगडात कोरणं. ‘हे लोक धार्मिक आणि व्यापारी होते’ असं चार पानं लिहून जे साधलं नसतं ते चार ओळींच्या हिशेबात आलं. म्हणून मी खेळाडूंना जमातीचा इतिहास वाचायला देत नाही. हिशेबाचा एक कागद देतो. ओरवांचा कागद असा होता:

‘तिसऱ्या भरतीला जन्मलेली, नाव पुसलेलं, हिने वरच्या घाटाच्या पेढीत सहाशे ठेवले. चारशे अंड्यांच्या उबेसाठी, दोनशे जी जगतील त्यांच्या पहिल्या जाळ्यासाठी. एकही जगलं नाही तर शेजारच्या बिळाला. राखणदारांना यातलं काही नाही. हे तीन चौकांत ओरडून सांगितलं.’

दोन मिनिटांत टेबलावर प्रश्न सुरू झाले. नाव का पुसलं? राखणदारांना काही नाही, मग ते खातात काय? ओरडून का सांगितलं? उत्तरं मी दिली नाहीत. ‘जाऊन विचारा,’ म्हणालो, आणि ते विचारायला गेले. खेळाडू आपणहून चौकशीला निघाले की जीएमचं निम्मं काम झालं.

पहिली भेट मात्र व्यवहाराचीच ठेवा. राजदूत, मेजवानी, ‘आमच्या ग्रहावर स्वागत’ हे प्रकार टाळा, त्यात खेळाडू माना डोलावत बसतात. ओरवांकडे आमचा गट गेला तो जहाजाचा पंप उधारीवर घ्यायला. राखणदाराने एकच विचारलं, ‘तुमच्यानंतर कोण?’

खेळाडू गोंधळला. ‘आमच्यानंतर म्हणजे?’

‘पंप तीस वर्षं चालेल. फेड तीस वर्षांची. तुम्ही तीस वर्षं आहात?’

‘हो, असू की!’

मी सांगितलं की पेढीतले सगळे ओरव मागे सरकले. राखणदार हळूच म्हणाला, ‘मग तुमची खूण दाखवा.’

त्याला कापल्याची खूण हवी होती, कारण त्याच्या जगात तीस वर्षं जगणारा एक तर राखणदार असतो नाही तर खोटारडा. खेळाडूंना वाटलं धमकी दिली. एकाने हात पिस्तुलाकडे नेला, दुसऱ्याने अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा व्रण दाखवला, आणि व्रण दाखवणाऱ्याला पुढची अनेक सेशनं ओरव आपल्या ठेवींची गुपितं सांगत राहिले. एवढं नाट्य मी आधी लिहून ठेवलं नव्हतं, लिहिता आलंही नसतं. वही पक्की होती म्हणून ते जागच्या जागी सुचलं.

तुमच्या तिन्ही जमातींत आणखी एका गोष्टीची उणीव जाणवते: त्यांच्यात आपसात भांडण नाही. सगळे सरडे एका मताचे. आपल्या सिंहस्थाकडे पाहा. बाहेरचा माणूस म्हणेल, ‘नाशिकला बारा वर्षांनी लोक स्नानाला येतात.’ आतून पाहिलं तर साधूंचे तेरा आखाडे. त्यातले दहा त्र्यंबकेश्वरला कुशावर्तात स्नान करतात, तीन वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर, आणि ही वाटणी स्नानाच्या मानावरून शैव-वैष्णवांत झालेल्या जुन्या रक्तपाताची आठवण सांगते. कोण आधी उतरणार, मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार, हे दर खेपेला ठरवावं लागतं. त्यात पुरोहित वेगळा, तपोवनात साधुग्रामाशेजारी राहणारा वेगळा, पंचवटीतला लॉजवाला वेगळा, आणि रस्ते बंद म्हणून वैतागलेला रिक्षावालाही त्याच संस्कृतीतला. जमात तयार करताना निदान तीन माणसं अशी काढा की ज्यांना एकच प्रथा अनुक्रमे पवित्र, फायद्याची आणि जाचक वाटते. ओरवांत माझ्याकडे होते: ठेव राखण्यात आयुष्य घातलेला म्हातारा राखणदार, मनाविरुद्ध कापली गेलेली आणि आता अंडी घालायचीच म्हणून वैदू शोधत फिरणारी तरुणी, आणि जास्त जगायचंय म्हणून चोरून ग्रंथी कापून देणारा दलाल शोधणारा एक सुखवस्तू. तिघांच्या तीन मागण्या आल्या की खेळाडूंना बाजू घ्यावीच लागते.

सिंहस्थावरून आणखी एक सुचवतो. गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं लागतात, त्यावरून हा बारा वर्षांचा मेळ. २००३, २०१५, आता २०२७. एवढ्या अंतरामुळे नोकरीत मुरलेल्या अधिकाऱ्यालाही तो एखाददुसऱ्यांदाच हाताळायला मिळतो, आणि मागच्या वेळचं ज्यांना आठवतं त्यांचा भाव वधारतो. आपल्या डोंगरांवरची कारवीची झुडपं सात-आठ वर्षांनी एकदम फुलतात, तेही असंच. तुमच्या ग्रहाला असं एखादं लांब चक्र द्या आणि कॅम्पेन त्या चक्राच्या आदल्या वर्षी सुरू करा. सगळे तयारीत, सगळे चिडलेले, मागच्या वेळचे हिशेब अजून मिटलेले नाहीत. कथानक वेगळं शोधावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका, आणि इथे मी जरा कडक आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या वारली, कोकणा, महादेव कोळी लोकांचे देव, दागिने, नाच जसेच्या तसे उचलून ‘जंगली ग्रहावरच्या टोळी’ला चिकटवू नका. डोंगऱ्यादेवाचा उत्सव ही आज जिवंत असलेल्या लोकांची श्रद्धा आहे, तुमच्या सेशनची सजावट नव्हे. माझी कसोटी साधी आहे: त्या समाजातलं कोणी टेबलावर खेळायला बसलं असेल तर हे वर्णन मी त्याच्या तोंडावर वाचेन का? व्यवस्था घ्या, ती जीवशास्त्राच्या चरकातून काढा, पोशाख तिथेच ठेवा. परग्रहवासीयांना गावाकडचं मराठी बोलायला लावणं हाही त्यातलाच प्रकार. हशा मिळतो, पण जमात तिथेच संपते.

नियमांचं थोडक्यात. ‘सरड्याला ताकद अधिक दोन’ याने संस्कृती कळत नाही. एक छोटा नियम करा जो देण्याघेण्याला चिकटलेला असेल. ओरवांच्या मुलखात प्रत्येक उधारीची मी चिठ्ठी लिहून खेळाडूच्या पुढ्यात ठेवायचो. खेळाडूचं कॅरेक्टर (खेळातलं त्याचं पात्र) मेलं तर चिठ्ठी शेजारच्या खेळाडूकडे जायची, हो-नाही काही नाही. लोक एकमेकांचा जीव वाचवायला लागले, आणि कारणं अजिबात उदात्त नव्हती. नावांचंही तेच, सोपं ठेवा. मराठी तोंडात बसणारी, दोन-तीन अक्षरांची नावं घ्या. जे नाव जीएमलाच दुसऱ्यांदा उच्चारता येत नाही ते खेळाडू ‘तो निळा’ करून टाकतात.

आता तुमच्या तयार जमाती. फेकू नका, सरडे आणि पक्षी दुरुस्त होतील. सरडे थंड रक्ताचे असतील तर रात्री गारठ्यात त्यांना हालचाल जमणार नाही. म्हणजे रात्री प्रत्येक जण शत्रूच्या हातात. मग रात्रीचा तह हा त्यांचा सर्वांत जुना कायदा, आणि शेकोटी राखणारे लोक वेगळे, ज्यांच्यावर कोणीच हत्यार उचलत नाही. त्या शेकोटीवाल्यांना वर्षभर पोसतं कोण? द्राक्षाच्या छाटणीला येणाऱ्या टोळ्यांची उचल मुकादमामार्फत आधीच दिलेली असते, तसं काही इथे लावून बघा: कोरड्या महिन्यांत उचल घेतलेली, आता थंडीत शेकोट्या राखून फेडायची, आणि फेड कधी पुरी होतच नाही. लढवय्येपणा अचानक फार महाग पडायला लागतो.

पक्षी स्थलांतर करणारे करा. वर्षातून दोनदाच एका गावावरून जातात, म्हणजे उधारी वसूल करायची संधी दोनदाच. तो थवा चुकला की सहा महिने थांबा. अशा लोकांत वेळेवर न पोचणं हा दरोड्याइतका गुन्हा असणार, आणि तुमचं खेळाडूंचं जहाज तर नेहमी उशिराच पोचतं.

स्फटिकांचं मला काही जमत नाही. ज्याला भूक नाही, मरण नाही, काही अपुरं पडत नाही, त्याची वही कोरीच राहणार. त्यांना या कॅम्पेनमधून काढा. पुढच्या रविवारी सरडेच आणा, आणि सेशनची सुरुवात रात्री करा: शेकोटी राखणाऱ्यांनी आज काम बंद ठेवलंय, दोन्हीकडचे सैनिक गारठून पडलेत, आणि उबदार रक्ताचे, हातपाय हलवू शकणारे एवढे तुमचेच पाच खेळाडू आहेत.